सुट्टीच्या गावात दाऊदचाचा

"मॉल बघितले, सूकचा बाजार बघितला, म्युझियम पण बघितलं. पण तुमी इथे सव्वीस वर्षं जे काय बांधलंत ते कुठे हाय?"

रुकय्याचाचींनी नवऱ्याला हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. आमची ट्रिप ठरली ती या प्रश्नामुळे, म्हणून सुरुवात इथूनच करते.

दाऊदचाचा सुतार. मूळचे दापोलीजवळच्या एका गावचे. दोह्यात अल मुंतझामधल्या आमच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर, भाच्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे. तीन वर्षांपूर्वी आमच्या कपाटाचं दार निखळलं, तेव्हा वॉचमनने त्यांना वर पाठवलं होतं. मी फोनवर आईशी मराठीत बोलत होते. काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, गाव कुठलं?" मी म्हटलं, मिरज. तेव्हापासून दर ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा वर येतो आणि दिवाळीला आमच्याकडून डबा खाली जातो. आता त्यांची नोकरी संपली होती आणि तीन आठवड्यांनी ते कायमचे गावी जाणार होते. त्याआधी बायकोला एकदा हा देश दाखवावा म्हणून त्यांनी चाचींना महिन्याभरासाठी बोलावून घेतलं होतं. चाचींची ही पहिलीच खेप.

चाचांनी थोडा विचार करून उत्तर दिलं. "मुशैरिबला एका ऑफिसची सगळी दारं माझ्या हातची. पण आत जायला पास लागतो. अल रय्यानला एका बंगल्यात जिन्याचा कठडा केलाय, तिथे कोण जाऊ देणार? पैसे भरले की आत सोडतील अशी एकच जागा हाय. उत्तरेला, समुद्रावर. गोऱ्यांचं सुट्टीचं गाव."

"मग तिथे नेऊया," मी म्हणाले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

रात्री वेबसाइट उघडली. हे गाव एका युरोपियन कंपनीचं आहे. तिकडे जंगलात, तळ्याकाठी त्यांची अशी बरीच गावं आहेत. लहान लहान घरं, मधे पोहण्याचा तलाव, आत गाड्यांना बंदी, सगळीकडे सायकली. कतारमधलं गाव त्याच धर्तीवर, फक्त जंगलाऐवजी वाळू आणि तळ्याऐवजी समुद्र. काँक्रीटच्या नव्या व्हिला महाग होत्या. समुद्रालगतच्या पहिल्या रांगेतल्या जुन्या लाकडी खोपट्या त्यामानाने स्वस्त. दोन छोट्या खोल्या, एक ओसरी. मी शुक्रवारची एक खोपटी बुक केली. चाचा अर्धे पैसे देतो म्हणून हटून बसले, तेव्हा जेवणाचा खर्च तुमचा असं म्हणून मिटवलं. माझा नवरा निखिल इंजिनीअर आहे आणि त्याची त्या वीकेंडला साइटवर ड्यूटी होती. त्यामुळे आम्ही चौघं: चाचा, चाची, मी आणि माझी नऊ वर्षांची इरा.

शुक्रवारी सकाळी आठला निघालो. फेब्रुवारीचा महिना, हवा छान गार. शमाल रोड म्हणजे सरळ रेघ आहे. दोन्ही बाजूंना सपाट, फिकट माती, मधेच एखाद्या शेतघराची भिंत. ड्रायव्हिंग नवीन असेल तरी इथे घाबरायचं कारण नाही, फक्त कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा. चाची पुढे माझ्या शेजारी बसल्या होत्या. बराच वेळ बाहेर बघून म्हणाल्या, "झाड नाय गो एक पण. माणूस थकला तर बसतो कुठे?"

मागून चाचा म्हणाले, "बसत नाय."

झाडं हवी असतील तर अल खोरच्या पुढे अल ठखिराला जा. तिथे खाडीत तिवरांचं दाट बन आहे. आम्ही तासभर तिथे थांबलो. खारट चिखलाचा वास आला आणि चाची पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "आमच्या खाडीचाच वास हाय," म्हणाल्या. इराला त्यांनी तिवराची मुळं दाखवली, ती कशी चिखलातून वर येऊन श्वास घेतात ते सांगितलं. इराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. "दॅट्स सो वियर्ड!" ती म्हणाली. चाचींनी मान डोलावली, जणू सगळं कळलं.

जुम्म्याच्या नमाजासाठी मागे फिरून अल खोरला थांबलो, मग तिथेच मासळी बाजाराजवळच्या साध्या हॉटेलात जेवलो. तुम्ही मासा निवडायचा, ते तळून किंवा भाजून देतात, सोबत भात आणि खुबूस रोटी. चौघांचं पोट भरलं आणि बिल शंभर रियालच्या आतच आलं. चाचींचं मत, मासा ताजा आहे पण मसाला लावणाऱ्याला घाई होती.

तीनच्या सुमाराला गावाच्या फाटकाशी पोचलो. गाडी बाहेरच ठेवायची, सामान हातगाडीवर टाकून आत चालत जायचं. लहान मुलं बरोबर असतील तर बॅगा कमी आणा, वाळूत ती गाडी ओढताना दमछाक होते. फाटकावर माझ्या ओळखपत्राबरोबर चाचांचंही मागितलं. व्यवसायाच्या रकान्यात 'कारपेंटर' होतं. पहारेकऱ्याने हिंदीत विचारलं, "काम पे आये हो?"

"नहीं," चाचा म्हणाले. "रहने."

आमची खोपटी नऊ नंबरची होती. चाचा पुढे गेले, पण दार उघडलं नाही. आधी तळहात चौकटीवर ठेवला, मग वाकून बिजागरी बघितली. "बदलल्यात," म्हणाले. "पण चौकट तीच."

मग त्यांनी आम्हाला सांगितलं. या सगळ्या खोपट्या युरोपातून तयार आल्या होत्या, सुट्या फळ्या करून, कंटेनरमधून. नुसत्या जोडायच्या. बरोबर नकाशे होते. पण इथला दमट उन्हाळा लागला आणि लाकूड फुगलं. एकही दार लागेना. गोरे इंजिनीअर नकाशे घेऊन फिरत होते. शेवटी चाचांनी आणि इतर पाच जणांनी सगळी दारं उतरवली, रंधा मारला, पुन्हा बसवली. जमिनीचा ओलावा चढू नये म्हणून घरं हातभर उंच केली. फळ्यांना फुगायला जागा मिळावी म्हणून आतून फटी ठेवल्या आणि त्यांवर पट्ट्या मारल्या. दहा महिने काम चाललं. राहायला दोन किलोमीटरवर तंबू होते.

"आणि हितं कधी झोपलात?" चाचींनी विचारलं.

"हितं? गो, पाणी प्यायला पण बाहेर जावं लागायचं."

चाची आत गेल्या. दोन्ही खोल्या बघितल्या, खिडकी उघडून मिटली, मग पलंगावर बसून हाताने गादी दाबली. "फोनवर सांगायचात समुद्रावर घरं बांधतोय," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, असंच सांगतात. बरं वाटावं म्हणून."

चहा झाल्यावर मधल्या हॉलमध्ये गेलो. तिथे एका खोलीत कंपनीचा इतिहास मांडलेला आहे. इतर पाहुणे तिकडे फिरकतही नाहीत, पण तुम्ही गेलात तर चुकवू नका. गावाच्या व्यवस्थापक ग्रीत नावाच्या बेल्जियन बाई आहेत, साठीच्या आसपासच्या. त्या आपणहून आल्या आणि फोटो दाखवत बोलू लागल्या. त्यांचं इंग्रजी मी चाचींसाठी मराठीत सांगत गेले.

कंपनीची सुरुवात एका शाळामास्तराने केली. दुसरं महायुद्ध संपलं होतं. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांना पगारी रजा मिळायला लागली होती, पण रजेत करायचं काय ते कुणाला माहीत नव्हतं. हॉटेलं श्रीमंतांसाठी. मास्तरांनी सैन्याचे जुने तंबू स्वस्तात घेतले, एका तळ्याकाठी ठोकले. त्यांच्या बायकोने स्वयंपाकघर लावलं. पहिल्या उन्हाळ्यात विणकरांची कुटुंबं आली. ग्रीत म्हणाल्या की त्यांच्या आजोबांनी त्या पहिल्या वर्षी तीन दिवस तंबूबाहेर खुर्चीत बसून काढले, कारण उठून कुठे जायचं तेच सुचेना. चौथ्या दिवशी ते पाण्यात उतरले.

तंबूंच्या जागी लाकडी घरं आली. मास्तरांच्या मुलांनी काचेचं छत घातलेला तलाव बांधला, म्हणजे थंडीतही लोक यावेत. गावं वाढली. मग मुलांनी कंपनी विकली, घेणाऱ्यांनी पुढे दुसऱ्यांना विकली, आणि दर विक्रीबरोबर घरं मोठी आणि महाग होत गेली. कतारमधलं गाव त्या काळातलं. "आता विणकर येऊ शकत नाहीत," ग्रीत म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगितल्यासारखं.

मी भाषांतर संपवलं. चाचा पहिल्या तंबूंच्या फोटोसमोर उभे होते. "म्हणजे हे आमच्यासारख्यांसाठीच होतं की," ते म्हणाले. हे मी ग्रीतबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चाचांकडे नीट बघितलं आणि विचारलं, यांचा या जागेशी काय संबंध? तेव्हा मी सांगितलं की पहिली रांग यांनी उभी केली आहे.

ग्रीतबाईंनी खुर्ची ओढून त्यांना बसवलं आणि पुढचा अर्धा तास प्रश्नच विचारत राहिल्या.

संध्याकाळचं जेवण लांबलचक टेबलांवर, सगळ्यांबरोबर. मास्तरांच्या वेळची ही एक पद्धत अजून राहिली आहे. बुफेचा दर जास्त आहे. मोठ्यांपैकी कुणी कमी खाणारं असेल तर बाहेरून काहीतरी आणलेलं बरं, खोपटीत छोटा ओटा असतो. आमच्या समोर एक लेबनीज कुटुंब होतं. चाचींनी त्यांच्या बाळाला मांडीवर घेतलं आणि भाषा नसतानाही त्याच्या दातांबद्दल पूर्ण चर्चा झाली.

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा चाची ओसरीत एकट्या बसल्या होत्या. समोर दोन कप. एक रिकामा, दुसऱ्यात चहा गार झालेला.

"चाचा कुठे?"

"फजरची नमाज झाल्यावर गेलेत. तीन घरं सोडून. आवाज येतो बघ."

खरंच रंध्याचा आवाज येत होता. मी गेले तर चाचा तेरा नंबरच्या खोपटीत गुडघ्यावर बसलेले, शेजारी रफिक. रफिक हा गावाचा सध्याचा सुतार, बांगलादेशी, चाळिशीचा. ग्रीतबाई हातात कॉफी घेऊन दारात. कंपनी ही पहिली रांग पाडणार नाही, मूळ होती तशी दुरुस्त करणार आहे, असं त्यांनी मला सांगितलं. पण फळ्या न मोडता भिंत उतरवायची कशी हे कुणालाच कळत नव्हतं. नकाशात ते नाही. चाचांनी एक पट्टी पटाशीने अलगद उचकटली आणि त्याखालचे स्क्रू दाखवले. रफिक कपाळाला हात लावून हसायला लागला. "दो साल से ढूँढ रहा हूँ!"

ग्रीतबाईंनी मग माझ्यामार्फत विचारलं. आठ महिन्यांचं काम. राहायला खोली, चांगला पगार, कागदपत्रं कंपनी बघेल. करतील का?

चाचा उभे राहिले. पँटवरचा भुसा झटकला. त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी बघितला नव्हता. "इन्शाल्ला," ते म्हणाले. "करतो."

मी मागे वळले. चाची आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काही न बोलता त्या परत निघाल्या.

लाकडी घरांचं एक आहे, भिंती पातळ असतात. मी आत इराचे केस विंचरत होते. ते दोघं ओसरीच्या पायरीवर येऊन बसले. उठून जावं तर दार तिथूनच. इराला मी खुणेनेच गप्प केलं.

चाचा म्हणाले, "आठ महिने तर हायत."

"मी काय बोलले?"

"बोलली नाय म्हणूनच."

"सव्वीस वर्षं मी काय बोलले नाय. पोरींची लग्नं केली, नाय बोलले. विहिरीला पंप बसवला, सासूचं दुखणं काढलं. तुमी वर्षातनं महिनाभर यायचात, तेव्हा वाटायचं, महिनाभरात कशाला रडायचं. आता इथे आल्यापासून रोज चहाला दोन कप मांडतेय. सवय लागायला लागली होती. आज परत एक गार झाला."

चाचा एकदम हलक्या आवाजात म्हणाले, "रुकय्या, घरी येऊन मी करू काय? तुझं सगळं चालतंय. बागेत कुठलं झाड कुठे हाय ते मला माहीत नाय. गड्याला मजुरी किती देतात ते माहीत नाय. लोक तुला विचारतात, मला बसायला खुर्ची देतात. मी त्या घरात पाहुणा हाय. हितं निदान दार लागत नसलं तर मला बोलावतात."

माझा कंगवा इराच्या केसात तसाच थांबला होता.

"मग पाहुणे म्हणून या," चाची म्हणाल्या. "पण या."

थोड्या वेळाने पुन्हा चाचींचाच आवाज आला, पण आता नेहमीचा, कामाचा. "तुमच्या डोक्यात जे हाय ते त्या रफिकला सांगून टाका. दुपारपर्यंत. घर पण नीट होईल, त्याचं पण काम होईल. मग खलास."

चाचा मला हाक मारायला आत आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "ताई, त्या बाईंना सांगशील? मला इंग्रजीत नाही म्हणता येत नाय."

मी सांगितलं. ग्रीतबाईंना वाईट वाटलं, ते दिसलंच. पगार थोडा वाढवता येईल असंही त्या बोलल्या. चाचांनी नकारार्थी मान हलवली. मग मी दुपारपर्यंत शिकवण्याचं सांगितलं, तेव्हा ग्रीतबाईंनी ताबडतोब आमची खोली सोडायची वेळ पाचपर्यंत वाढवली आणि चाचांना त्या वेळेची मजुरी देऊ केली. चाचांनी ती नाकारली. चाचींनी मात्र मला कोपराने ढोसलं, "घ्यायला सांग. काम ते काम." चाचांनी घेतली.

चार तास ते काम चाललं. चाचा सांगत होते, रफिक फळ्यांच्या मागे पेन्सिलीने आकडे घालत होता, ग्रीतबाई मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. मधेच एका ठिकाणी चाचा अडले, कुठली फळी आधी निघते ते आठवेना. त्यांनी डोळे मिटले, हवेतच हात फिरवले आणि म्हणाले, "खालून तिसरी." तीच निघाली.

चाची तिथे पंधरा मिनिटं थांबल्या, मग कंटाळल्या. आम्ही तिघींनी तीन चाकांची सायकल भाड्याने घेतली आणि समुद्राच्या कडेने शेवटपर्यंत गेलो. पाणी उथळ आणि स्वच्छ आहे, लहान मुलांसाठी उत्तम. फक्त दुपारी वारा सुटला की वाळू डोळ्यांत जाते, गॉगल ठेवा. परत येताना चाचींनी स्वतः पायडल मारायचा हट्ट धरला. सायकल थेट वाळूत रुतली. इरा ओरडत होती, "चाची, ब्रेक! ब्रेक!" आणि चाची हसून हसून बेजार.

पाचला निघालो. फाटकाशी रफिक आला होता. त्याने चाचांचे दोन्ही हात धरले, बराच वेळ सोडले नाहीत. ग्रीतबाईंनी चाचांचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. इतिहासाच्या खोलीत लावायचं आहे, म्हणाल्या. लावलं की नाही मला माहीत नाही. परत गेले तर बघेन.

गाडीत चाचा पुढे बसले आणि अल खोर यायच्या आत झोपले. हातांना लाकडाचा वास येत होता. मागे इरा चाचींच्या मांडीवर. दोह्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा चाची म्हणाल्या, "मेधा, तुमी किती वर्षं राहणार गो इथे?"

"अजून दोन," मी सवयीने म्हणाले. आम्ही आलो तेव्हाही दोनच म्हणत होतो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नोव्हेंबर ते मार्च चांगला काळ. शुक्रवार-शनिवार टाळून मधल्या वारी गेलात तर दर बराच उतरतो. जुन्या खोपट्याच घ्या. एसी थोडा आवाज करतो, पण समुद्र दारात आहे. आणि इतिहासाच्या खोलीसाठी तासभर ठेवा.

एका रात्रीच्या सहलीतून काय उरलं? फोटो आहेत, पण ते मी फारसे उघडत नाही. मला तो शाळामास्तर आठवतो, ज्याला वाटलं की कामगारालाही खुर्चीत बसायला जागा हवी. त्याची कंपनी पुढे कुठल्या कुठे गेली. तरी एक दिवस तिच्या दारात एक सुतार "रहने" म्हणून उभा राहिला आणि आत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

चाचा-चाची ठरल्या दिवशी गेले. महिन्याभराने मी फोन केला. चाची सांगत होत्या की पहिले आठ दिवस अवघड गेले. चाचांना दिव्याची बटणं सापडत नव्हती, पहाटे उठून उगाच अंगणात उभे राहायचे, मिठाचा डबा कुठे म्हणून चारदा विचारायचे. त्यात गावात जो भेटेल तो एकच विचारतो, दाऊदभाई, परत कधी जाणार? परदेशातून आलेल्या माणसाला हेच विचारायची पद्धत आहे. चाचा गोंधळायचे, "बघू" म्हणायचे.

"आता पण कोणीतरी आलंय वाटतं," चाची म्हणाल्या. फोनमधून लांबून एक पुरुषी आवाज ऐकू आला, तोच प्रश्न. चाचींनी फोन दाराकडे धरला.

"आता नाय जाणार," बाहेरून चाचांचा आवाज आला. "बस, चहा घे."